अण्णांना भूल कोणी द्यायची

अगं, तू आधी नुसतं ऐक. मधे काही विचारू नकोस, कारण तू विचारलंस की माझा धागा तुटतो आणि मग मला परत पडद्यांपासून सुरुवात करावी लागते.

तर पडदे. हिरवे, जाड, आजोबांच्या जुन्या हॉस्पिटलच्या वेटिंग रूमचे. हॉस्पिटल बंद होऊन किती वर्षं झाली, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो, पण घरात काही ठरवायचं असलं की अजूनही सगळे खाली त्या खोलीतच जमतात. एक तर सगळ्यांना पुरतील इतक्या खुर्च्या तिथेच आहेत. आणि आजोबा म्हणतात, त्या खोलीत माणूस आपोआप हळू बोलतो. दुपारी ऊन त्या पडद्यांतून आत येतं ना, तेव्हा सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसते. पंखा हळूहळू फिरतो, भिंतीवर सावल्या हलतात, आणि आपण बोलतो ते शब्दसुद्धा बुडबुड्यांसारखे वर जाताहेत असं वाटतं. त्या रविवारी मला सारखं वाटत होतं की आपण सगळे कुणाच्या तरी झोपेत बसलोय. आणि गंमत म्हणजे आम्ही खरंच तसेच बसलो होतो.

आजोबा भूल देणारे डॉक्टर, हे तुला माहीत आहे. काका त्यांना अण्णा म्हणतो, आत्या अण्णा म्हणते, आईसुद्धा अण्णाच म्हणते. फक्त मी आजोबा. त्यांची एक सवय होती. पेशंटला टेबलावर घेतलं, तोंडावर मास्क धरला, की कानाशी वाकून विचारायचे, "कुठे जायचंय?" लोक आधी घाबरायचे, मग सांगायचे. कुणी समुद्रावर, कुणी माहेरी, कुणी लहानपणीच्या शाळेच्या मैदानावर. तेवढ्यात झोप लागायची. आणि जाग आली की हे समोर उभे. "पोचलात का?" अख्ख्या गावात त्यांचं नाव 'पोचलात का डॉक्टर' असं पडलं होतं. काका पण भूलवालाच झाला. त्याला आत्या अजून छोटू म्हणते, डोक्यावर केस उरले नाहीत तरी. तो स्कूटरवर आपली बॅग घेऊन या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरतो, आणि 'कुठे जायचंय' वगैरे विचारत नाही. त्याला तेवढा वेळ नसतो.

आता आत्या. पक्षात गेली म्हणून घरात केवढा तमाशा झाला होता ते मी तुला सांगितलंय. आता तोच पक्ष सत्तेत आहे आणि आत्या त्याच्या आरोग्य समितीत आहे. पक्षाने देशाच्या आरोग्य धोरणाचा मसुदा काढलाय आणि त्यावर सूचना-हरकती मागवल्यात. मुदत त्या रविवारी संध्याकाळपर्यंत. आत्या लॅपटॉप घेऊन दुपारीच आली. तिला सगळ्यांच्या नाही, एकट्या आजोबांच्या सूचना हव्या होत्या, कारण मसुद्यातलं एक कलम तिने स्वतः लिहिलं होतं आणि समितीत त्याच्यावर गदारोळ चालला होता. कलम असं, की जिथे भूलतज्ज्ञ मिळत नाही, तिथे साध्या एमबीबीएस डॉक्टरांना शिकवून त्यांना बाळंतपणाच्या ऑपरेशनसाठी भूल देऊ द्यावी. आजोबांनी 'हो' म्हटलं तर कुणाची बोलायची हिंमत नव्हती, कारण समितीतले निम्मे डॉक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. आणि 'नाही' म्हटलं, तर कलम गेलं.

आणि कलम गेलं तर आईची खोली गेली.

हे नीट समज हं, कारण सगळं यावरच आहे. आई दूरच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. तिकडे पूर्वी बाईचं अडलं की जीपमध्ये घालून शहराकडे पळायचं, आणि आई मागे बसून तिचा हात धरायची. काही जणी शहरापर्यंत पोचायच्या, काही नाही. मग सरकारने काही डॉक्टरांना तात्पुरत्या योजनेतून भूल द्यायला शिकवलं, आई त्यात होती. तेव्हापासून केंद्रात एक छोटी ऑपरेशनची खोली सुरू आहे. निळ्या टाइल्स, एक दिवा, एक खिडकी जिच्यातून नुसतं गवत दिसतं. ती योजना यंदा संपतेय. कलम राहिलं तर खोली राहणार, नाहीतर कुलूप.

तर आम्ही बसलो. आत्या मसुदा वाचायला लागली. आजोबा कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत. परवा त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, त्यामुळे जरा गप्पगप्पच होते. वाचता वाचता त्यांची मान कलली, तोंड किंचित उघडलं, आणि छाती अगदी संथ वरखाली व्हायला लागली. आत्या थांबली. काकाने लांबूनच त्यांच्याकडे बघितलं, एकदा, भूलवाले बघतात तसं, आणि म्हणाला, गेले, गाढ गेले, वाच तू. आई उठली, हलकेच त्यांचा चष्मा काढून घेतला, काड्या मिटल्या, आणि तो स्वतःच्या मांडीवर घेऊन परत बसली.

आणि मग जे काय सुटले सगळे! आजोबा जागे असताना जे कुणी बोललं नसतं ते बोलायला लागले.

पहिले बाबा. बाबांचं चष्म्याचं दुकान, त्यांना मसुद्यातल्या एकाच गोष्टीत रस होता, शाळेतल्या मुलांना मोफत चष्मे. त्यांचं म्हणणं, मुलांना फ्रेम स्वतः निवडू द्या, सरकारी तपकिरी फ्रेम दिली तर पोरं ती दप्तरातच ठेवतात. आत्या म्हणाली, लिहिते रे. बाबा म्हणाले, नाही, आत्ता लिही. तिने लिहिलं नाही.

मग काका. काका आत्यावर जो घसरला! म्हणाला, ताई, तुम्हा लोकांना टाळ्या हव्यात म्हणून तुम्ही अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातात सुई देताय. आत्या म्हणाली, तुला तुझ्या स्कूटरच्या फेऱ्या कमी होतील याची काळजी आहे. हे तिने बोलायला नको होतं. काका पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागला. मला तेव्हा वाटलं, लागलं त्याला. पण त्याच्या डोक्यात काय होतं ते त्याने मला नंतर सांगितलं. त्याला एकदा एका छोट्या हॉस्पिटलमध्ये धावत बोलावलं होतं. तिथल्या साध्या डॉक्टरने एका बस ड्रायव्हरला भूल दिली होती, शिकवलं होतं फक्त बाळंतपणाचं आणि दिली भलत्याच ऑपरेशनसाठी. माणूस निळा पडला होता. काकाने त्याला परत आणलं. पण तो माणूस आता मुलीकडे बघून हसतो, आणि तिचं नाव त्याला आठवत नाही. काका म्हणाला, तो परत आला गं, पण सगळा नाही आला. कुठेतरी राहिला. त्या हिरव्या खोलीत बसून काकाला तो ड्रायव्हर पलीकडच्या खुर्चीवर बसलेला दिसत होता म्हणे, टोपी मांडीवर घेऊन.

हे त्याने तिथे सांगितलं नाही. तो फक्त एवढंच म्हणाला की तुमच्या कलमात 'व तत्सम शस्त्रक्रिया' असे तीन शब्द शेवटी घुसवलेत, ते मी वाचलेत, मला मूर्ख समजू नका.

आत्याचा चेहरा पडला. कारण ते शब्द होतेच. समितीच्या अध्यक्षांना फार आवडले होते ते, त्यांच्यामुळे कलम मोठं दिसत होतं. ती म्हणाली, अरे ते नुसते असतात, धोरणात असं लिहितातच. काका म्हणाला, हो, आणि मग लोक त्या नुसत्या शब्दांवर झोपतात.

तोपर्यंत आई काही बोललीच नव्हती. आत्याने तिच्याकडे बघितलं, अगदी हक्काने, की आता तू बोल, तुझंच तर घोडं मी पुढे दामटतेय. काकानेही बघितलं, की वहिनी शहाण्या आहेत. आणि आई बोलली, पण कुणाच्याच बाजूने नाही. आजोबांच्या चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत ती असं हळू बोलली जणू तिथे कुणी नाहीच.

ती म्हणाली, तिला बाईला झोपवता येत नाही, फक्त कमरेत सुई देता येते. बाई जागीच असते, कमरेखाली बधिर. पडद्यापलीकडे डॉक्टर पोट उघडतात आणि बाई इकडे आईच्या तोंडाकडे बघत असते. म्हणून आई पण विचारते, कुठे जायचंय? आणि जागी असल्यामुळे बाई नुसतं नाव सांगून झोपत नाही, सगळी वाट सांगत जाते. वळणं सांगते, झाडं सांगते, कुठे कुत्रं भुंकतं ते सांगते. आई म्हणाली, एक होती, ती म्हणाली मला कुठेच जायचं नाही. पाण्याकाठी एक दगड आहे, त्याच्यावर बसायचंय, आणि कुणी हाक मारायची नाही. मग तिने मला तो दगड सांगितला. किती गरम, किती गुळगुळीत, पाय पाण्यात कुठपर्यंत. मी पण बसले तिच्याशेजारी. आणि मग बाळ रडलं, तर ती दचकून म्हणाली, कोण हाक मारतंय?

पंखा फिरत होता. खरं सांगते, मला क्षणभर माझे पाय पाण्यात आहेत असं वाटलं. बाबा आईकडे बघत होते. बाबांनी मला पुढे कधीतरी सांगितलं, इतकी वर्षं संसार झाला पण मला त्या दगडाची गोष्ट हिने कधी सांगितली नव्हती.

आणि बघ, काका तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याला ते सहन होईना, की एवढ्या सुंदर बोलण्यापुढे आपला ड्रायव्हर हरतोय. तो चहाचा कप हातात घेऊनच उठून उभा राहिला.

"छान आहे वहिनी. फार छान. एवढा भरवसा आहे ना सगळ्यांचा? मग परवा अण्णांना भूल तुम्हीच द्या. लिही ताई तसं, मी खाली सही करतो."

आणि कोपऱ्यातून, डोळे मिटलेलेच, मान तशीच कललेली, आजोबा म्हणाले,

"चालेल की."

अगं, काकाच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. तो म्हणाला, अण्णा, तुम्ही जागे आहात?

"तू पापणीला बोट लावून बघितलंस?" आजोबांनी विचारलं.

मी तुला सांगते हे काय असतं. भूल चढली की नाही ते बघायला पापणीच्या केसांना हलकं बोट लावतात, जागा माणूस असेल तर पापणी हलतेच. हा अगदी पहिला धडा. आजोबांनी जन्मभर लोकांना झोपताना बघितलंय, श्वास कसा सोडायचा ते त्यांना झोपेपेक्षाही चांगलं येतं. आणि काका नुसत्या श्वासावर फसला. लांबून. "लांबून ठरवलंस," आजोबा म्हणाले. एवढंच. रागाने नाही. पण काका एकदम शाळेतला दिसायला लागला.

आत्या मात्र फुलली. तिला लगेच दिसलं की हे तर सोनं आहे. स्वतः अण्णा सुनेच्या हातून भूल घेणार, मग समितीत कोण तोंड उघडणार? ती खुर्ची ओढून आईजवळ आली, गुडघ्यावर हात ठेवला, आणि पटापट सांगायला लागली. फक्त 'हो' म्हण, छोटू शेजारी उभा राहील, काही होत नाही, हर्नियालासुद्धा कमरेतच सुई असते, तू ती रोज देतेस. तुझी खोली वाचेल, तुझीच नाही, तुझ्यासारख्या कितीतरी जणींची. आणि अण्णा स्वतः म्हणताहेत, तुला आणखी काय हवंय?

बाबांची अवस्था बघवत नव्हती. एकीकडे बायको, एकीकडे बापाचं नाजूक झालेलं हृदय. ते खिशातून रुमाल आणि दुकानातल्या कुणाचा तरी चष्मा काढून त्याची काच पुसायला लागले.

आई आजोबांकडे बघत होती. आजोबांचे डोळे मिटलेलेच. हिरवा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता, आणि ते इतके शांत दिसत होते, जणू आधीच कुठेतरी निघालेत आणि फक्त कुणी हात धरायचा तेवढं ठरायचंय.

"नाही अण्णा," आई म्हणाली. "मी नाही देणार."

"का?"

"मला तरण्याताठ्या बायकांचं शिकवलंय. तुमचं हृदय मधेच एखादा ठोका गाळतं. सुई दिल्यावर तुमचं बीपी घसरलं, तर पुढे काय करायचं ते थोडंफार मला येतं. त्याच्याही पुढचं येत नाही. आणि ते येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे."

"अगं, छोटू असेल ना शेजारी," आत्या म्हणाली.

"मग भाऊजींनीच द्यावी."

"खोलीला कुलूप लागेल तुझ्या. कळतंय का तुला?"

"कळतंय ताई." आणि इथे तिचा आवाज फुटला. मी आईचा आवाज असा फुटलेला कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, लागू दे. उद्या जीपमध्ये परत हात धरून बसेन. पण आज मी 'हो' म्हटलं, तर उद्या माझ्यासारखी दुसरी कुणीतरी कुणाच्या तरी सासऱ्याला 'हो' म्हणेल. त्या तीन शब्दांवर बोट ठेवून म्हणेल. भाऊजी बरोबर बोलताहेत, ताई. ते शब्द काढा.

म्हणजे बघ कशी उलटली खोली! जिच्यासाठी आत्या लढत होती तीच काकाच्या बाजूला जाऊन बसली, आणि काकाला काय करावं तेच कळेना. तो जिंकला होता, आणि त्याचं तोंड हरल्यासारखं झालं होतं. आत्या तर आईकडे अशी बघत होती, की मला वाटलं आता ही लॅपटॉप मिटून निघून जाते, आणि परत घरात तीच जुनी वर्षं सुरू होतात, दारात बोलणं, फोनवर अबोला.

आजोबांनी डोळे उघडले. म्हणाले, "चष्मा दे गं."

आईने दिला. त्यांनी तो लावला आणि तिच्याकडे बघत राहिले, खूप वेळ, मग काकाकडे, मग आत्याकडे. जागे झालेल्या पेशंटकडे बघायचे ना तसे.

"लिही," आत्याला म्हणाले. "कलमाला माझा पाठिंबा आहे. शेवटचे तीन शब्द काढून. आणि ज्याला शिकवाल त्याची परीक्षा घेताना एक प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर 'हे मी करणार नाही' एवढंच असेल. जो ते देईल, त्याला सुई द्या."

आत्या म्हणाली, अध्यक्ष चिडतील. आजोबा म्हणाले, चिडू देत, त्याला मीच शिकवलंय, तो पहिल्यापासून पसरून लिहायचा. मग त्यांनी आणखी एक सांगितलं. अशा प्रत्येक ठिकाणाला एक मोठा भूलतज्ज्ञ फोनवर नेमून द्यावा, ज्याला कधीही उठवता येईल. "आणि त्याने खेकसायचं नाही. हेही लिही." हे बोलताना ते काकाकडे बघत होते.

काका चहातलं विरघळलेलं बिस्किट चमच्याने काढत होता. वर न बघता म्हणाला, मला हे अजूनही पटलेलं नाही. मग तसंच खाली बघत, "वहिनींच्या केंद्रासाठी माझा नंबर टाक." आत्या लिहायला लागली, तसं बाबा मागून म्हणाले, फ्रेमचं पण. तिने ते पण लिहिलं. आणि दिवेलागणीच्या आत सगळं पाठवून दिलं. जाताना ती आईशी बोलली नाही, पण दारातून परत आली, आईच्या खांद्यावर नुसतं डोकं टेकवलं, आणि गेली.

पक्ष त्याचं काय करणार ते अजून कुणालाच माहीत नाही. आईच्या खोलीचा दिवा आज आहे. एवढंच आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सुई काकाने दिली. आई आजोबांच्या डोक्याशी स्टूलवर बसली, तिला फक्त तेवढंच करायचं होतं. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, कुठे जायचंय अण्णा? काका म्हणतो, मॉनिटर बघताना माझे कान सगळे तिकडेच होते. कारण जन्मभर सगळ्यांना विचारलं, पण अण्णांना हे कुणी कधीच विचारलं नव्हतं. आजोबांनी डोळे मिटले. मग म्हणाले,

"खालच्याच खोलीत. हिरवे पडदे लावलेत. सगळे भांडताहेत, आणि त्यांना वाटतंय मी झोपलोय."

आणि वाट सांगायला लागले. जिना, कठडा, तिसऱ्या खुर्चीचा हलणारा पाय. आई म्हणते, ते सांगत होते आणि मी त्यांच्याबरोबर उतरत होते. शेवटचा टाका पडला तेव्हा काकाने मास्क खाली केला, वाकला, आणि हळूच विचारलं, "पोचलात का?"

आजोबा हसले. बरे आहेत आता, तुला भेटायचंय म्हणत होते.

पण मी तुला हे सगळं का सांगतेय ते ऐक. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, शेवटच्या खिडकीतून ऊन येत होतं तिथे आई एकटीच उभी होती. मी तिला विचारलं, आई, तू चष्मा काढलास तेव्हा तुझं बोट लागलं होतं ना त्यांच्या पापणीला? ती म्हणाली, लागलं होतं. मी म्हटलं, मग? म्हणाली, हलली. म्हणजे तिला माहीत होतं! पहिल्यापासून! ती दगडाची गोष्ट ती हवेत सांगत नव्हती, त्यांनाच सांगत होती, की त्यांनी कलम वाचवावं म्हणून. ती जिंकायला बसली होती गं. आणि मग त्यांनी स्वतः 'चालेल की' म्हटलं. म्हणजे जे हवं होतं ते अलगद तिच्या ओंजळीत पडलं, सगळ्या घरादेखत, आणि तिने ओंजळ उघडी करून सोडून दिलं. मी विचारलं, 'नाही' म्हणायचं ते पण आधीच ठरवलं होतंस? तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, नाही, ते मलाही तोंडातून निघेपर्यंत माहीत नव्हतं.

आता बोल तू. मघापासून तुला बोलू दिलं नाही. तुझी ती निळ्या टाइल्सची खोली असती, खिडकीतून गवत दिसणारी, आणि बाहेर बाया थांबलेल्या असत्या, आणि सासरे स्वतः डोळे मिटून 'चालेल' म्हणाले असते, तर तू काय केलं असतंस?